प्रभाग रचनेवर हरकत कशी घ्यावी: नकाशा वाचण्यापासून सुनावणीपर्यंत

आमच्या वस्तीच्या कडेने एक नाला जातो. अलीकडे सात गल्ल्या, पलीकडे दुसरी वस्ती. पलीकडे जायचं तर नाक्यावरच्या पुलावरून जावं लागतं, मधून वाट नाही. २०१७ च्या निवडणुकीआधी प्रारूप (म्हणजे अजून अंतिम न झालेली, कच्ची) प्रभाग रचना आली तेव्हा आमच्या सातपैकी दोन गल्ल्या नाल्यापलीकडच्या प्रभागात टाकलेल्या होत्या. आम्ही तीनशे सह्या गोळा केल्या. “आमच्यावर अन्याय झाला आहे” असं दोन पानी निवेदन लिहिलं आणि पंधरा जण सुनावणीला गेलो. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: “या दोन गल्ल्या तुमच्याकडे घेतल्या, तर त्या प्रभागाची लोकसंख्या कुठून भरून काढू?” आमच्याकडे उत्तर नव्हतं. दीड मिनिटात सुनावणी संपली आणि हरकत फेटाळली गेली.

त्यानंतरची वर्षं त्या दोन गल्ल्यांनी कशी काढली ते मी रोज पाहिलं आहे. ड्रेनेजची लाइन एकच, पण अर्धी एका प्रभागात आणि अर्धी दुसऱ्यात. चेंबर तुंबलं की इकडचे नगरसेवक म्हणायचे “ते माझ्या हद्दीत नाही” आणि तिकडचे नाला ओलांडून कधी फिरकायचेच नाहीत. २०२५ मध्ये पुन्हा प्रारूप आलं, पुन्हा तीच रेघ. या वेळी आम्ही फक्त तिघे गेलो, हातात चार पानं घेऊन. हरकत मान्य झाली. त्या चार पानांत काय होतं आणि ती कशी तयार करायची, ते इथे सविस्तर लिहितो.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण खेळ कुठे होतो ते कळल्याशिवाय नकाशा नीट वाचता येत नाही.

रेघ कोण ओढतं

लोकसभा आणि विधानसभेच्या मतदारसंघांची पुनर्रचना वेगळी. ती देशपातळीवरचा परिसीमन आयोग करतो. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांची रचना राज्यात होते, त्या त्या कायद्याने. मुंबईसाठी १८८८ चा कायदा आहे, बाकीच्या महापालिकांसाठी १९४९ चा, नगरपरिषदांसाठी १९६५ चा, जिल्हा परिषदांसाठी १९६१ चा आणि ग्रामपंचायतींसाठी १९५९ चा.

मार्च २०२२ पर्यंत प्रभाग रचना राज्य निवडणूक आयोगाच्या हातात होती. ११ मार्च २०२२ च्या कायदादुरुस्तीने ती राज्य सरकारकडे गेली. आता नगरविकास विभाग आदेश काढतो, महापालिका आयुक्त आपल्या अधिकाऱ्यांकडून मसुदा तयार करून घेतात, तो विभागामार्फत आयोगाकडे जातो आणि आयोगाच्या मान्यतेने प्रसिद्ध होतो. म्हणजे पेन्सिल सरकारची आणि शिक्का आयोगाचा. हे लक्षात ठेवा, कारण प्रभागात किती सदस्य असतील हेही सरकारच ठरवतं, आणि सगळ्यात मोठं राजकारण तिथेच असतं.

मुंबई सोडून इतर महापालिकांत प्रभागाचा आकार किती वेळा बदलला ते पाहा. २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग होता. २००७ ला एक सदस्य, २०१२ ला दोन, २०१७ ला चार. नंतर पुन्हा तीनचा घाट घातला गेला, ती निवडणूक झालीच नाही, आणि परत चारवर आलो. पुण्यात २०१७ ला ४१ प्रभाग आणि १६२ नगरसेवक होते. २०२२ च्या रचनेत ५८ प्रभाग आणि १७३ जागा झाल्या. २०२५ च्या रचनेत पुन्हा ४१ प्रभाग आणि १६५ जागा. मुंबईत एका प्रभागाला एकच नगरसेवक ही पद्धत कायम राहिली, पण तिथेही २२७ चे २३६ झाले आणि सरकार बदलल्यावर पुन्हा २२७. दरम्यान ओबीसी आरक्षणाचा आणि या रचनांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. बहुतेक महापालिकांची मुदत २०२२ मध्येच संपली होती आणि तिथे प्रशासक बसले. ६ मे २०२५ ला न्यायालयाने निवडणुका घेण्याचे आदेश दिले आणि शेवटी १५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिकांत मतदान झालं. जवळपास चार वर्षं माझ्या वस्तीला नगरसेवक नव्हता. नकाशाच्या भांडणाची एवढी किंमत सामान्य माणसाने मोजली.

पुण्यासारख्या शहरात चार सदस्यांचा प्रभाग म्हणजे ऐंशी-नव्वद हजार लोकसंख्या. तिथे चार जणांचं पॅनेल, चिन्ह आणि पैसा चालतो. आपल्या दोन-तीन मोहल्ल्यांत काम केलेला अपक्ष एवढ्या मोठ्या प्रभागात पोहोचतच नाही. एक सदस्य असेल तर स्थानिक माणसाला संधी असते, पण तिथे एकेक गल्ली इकडची तिकडे करून निकाल फिरवता येतो. कोणतीही पद्धत निर्मळ नाही. मला स्वतःला एक सदस्याची पद्धत बरी वाटते, कारण नळाला पाणी आलं नाही तर फोन कोणाला करायचा हे तिथे स्पष्ट असतं. पण सदस्यसंख्येवर हरकत घेऊन उपयोग नाही. ते कायद्याने आणि सरकारच्या आदेशाने आधीच ठरलेलं असतं आणि सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला ते बदलण्याचा अधिकार नसतो. त्याला हात घालता येतो तो फक्त सीमांना. आपली ताकद तिथेच लावायची.

पहिली तयारी प्रारूप येण्याआधी

प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकतीसाठी महापालिकेत साधारण दोन आठवडे मिळतात. जिल्हा परिषदेच्या गट-गणांना (जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या मतदारसंघांना) २०२५ मध्ये १४ ते २१ जुलै एवढाच आठवडा मिळाला होता. या काळात माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून काही होत नाही, कारण उत्तराची मुदतच तीस दिवसांची. म्हणून अर्ज आधीच टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि जन माहिती अधिकाऱ्याकडून दोनच गोष्टी मागा: तुमच्या आणि लागून असलेल्या सगळ्या प्रभागांतल्या प्रगणक गटांची यादी, गटनिहाय एकूण, अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती लोकसंख्येसह, आणि त्या गटांच्या हद्दी दाखवणारा नकाशा.

प्रगणक गट म्हणजे जनगणनेतलं सगळ्यात लहान एकक. एक प्रगणक घरोघर फिरून मोजतो तेवढा भाग, साधारण सहाशे ते आठशे लोकांचा. प्रभाग रचना या गटांच्या विटांनी बांधतात आणि वीट शक्यतो फोडायची नाही असा नियम आहे. ही गोष्ट मला पहिल्या वेळी माहीतच नव्हती. मी “गल्ली नंबर सहा आणि सात” म्हणत होतो, तर समोरच्या अधिकाऱ्याच्या तक्त्यात गल्ल्या नव्हत्याच. तिथे फक्त गट क्रमांक होते.

आणखी एक लक्षात घ्या. २०२१ ची जनगणना झाली नाही, त्यामुळे २०२५ ची रचनाही २०११ च्या आकड्यांवरच झाली. शहराच्या कडेला ज्या माळावर तेव्हा तीन घरं होती तिथे आज पंधरा टॉवर आहेत, पण कागदावर तिथली लोकसंख्या तीन घरांचीच. “आमच्याकडे आता चाळीस हजार लोक राहतात” ही हरकत खरी असली तरी टिकत नाही. आकडे २०११ चेच वापरा.

प्रारूपाआधी व्हॉट्सअॅपवर नकाशे फिरायला लागतात. “फुटलेला नकाशा” म्हणून ते आले की इच्छुकांची धावपळ सुरू होते. त्यांच्यावर वेळ घालवू नका. मसुदा गोपनीय ठेवायचा असतो, आणि बाहेर आलेला कागद खरा आहे की कोणीतरी मुद्दाम सोडलेला, हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही.

नकाशा हातात आल्यावर

प्रारूप महापालिकेच्या मुख्य इमारतीत, क्षेत्रीय कार्यालयांत आणि वेबसाइटवर लावतात. वेबसाइटवरची फाइल मोठी करून पाहिली तरी रेघा अस्पष्ट दिसतात, म्हणून भिंतीवरचा मोठा नकाशा प्रत्यक्ष जाऊन पाहा. सोबत वस्तीतला एक रिक्षावाला किंवा दूध टाकणारा माणूस न्या. मी हे अगदी मनापासून सांगतो. आमच्या शेजारच्या दूधवाल्याने नकाशासमोर उभं राहून पाच मिनिटांत सांगितलं की रेघ ज्या “रस्त्यावरून” जाते तो रस्ता प्रत्यक्षात नाहीच, तिथे एका सोसायटीची भिंत आहे. त्यांच्या त्या एका वाक्यावर आमच्या हरकतीचा अर्धा भाग उभा राहिला.

नकाशाबरोबर प्रत्येक प्रभागाची लोकसंख्या, अनुसूचित जाती-जमातींची संख्या, व्याप्ती आणि उत्तर-पूर्व-दक्षिण-पश्चिम अशा सीमांचं वर्णन असतं. नकाशा आणि वर्णन दोन्ही समोरासमोर ठेवून वाचा. वर्णनात “नाल्याने पुढे” लिहिलेलं असतं आणि नकाशात रेघ नाला सोडून आत शिरलेली असते, असं घडतं. अशी विसंगती सापडली तर ती तुमची सगळ्यात भक्कम हरकत, कारण तिथे मताचा प्रश्नच राहत नाही.

मग रेघेवरून पायी चाला. शक्य असेल तर सकाळी, माणसं घराबाहेर असताना. मोबाइलवर लोकेशन चालू ठेवून दर वळणावर फोटो काढा. कुठे रेघ इमारतीच्या मधून जाते, कुठे चाळीच्या मागून, शाळा कोणत्या बाजूला पडली, दवाखाना कोणत्या, हे जागेवरच वहीत लिहा.

काय शोधायचं

रचना करताना पाळायचे निकष आदेशातच दिलेले असतात. प्रभागाच्या सीमा मोठे रस्ते, नद्या, नाले, डोंगर, रेल्वेमार्ग, उड्डाणपूल अशा ठळक खुणांवरून जाव्यात. एक इमारत, चाळ किंवा घर दोन प्रभागांत विभागू नये. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या शक्यतो फोडू नयेत. दवाखाना, मंडई, शाळा, स्मशानभूमी, उद्यान ज्या वस्तीसाठी आहे ती वस्ती त्या सोयीसह एकाच प्रभागात राहावी. क्रमांक उत्तरेकडून सुरू होऊन ईशान्य, पूर्व असे पश्चिमेकडे सरकत दक्षिणेला संपावेत. आणि प्रभागाची लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्के कमी-जास्त एवढ्या मर्यादेत असावी.

या निकषांत “शक्यतो” हा शब्द आहे. सगळी पळवाट त्या शब्दात आहे. तुमची वस्ती फोडली असं तुम्ही म्हणालात की उत्तर येतं: लोकसंख्येचा मेळ घालण्यासाठी ते शक्य नव्हतं. म्हणून हरकतदाराचं खरं काम एकच, ते शक्य होतं हे आकड्यांनी दाखवून देणं. पहिल्या वेळी आम्ही नियम मोडल्याचं सांगितलं, दुसऱ्या वेळी नियम पाळून रेघ कशी ओढता येते ते दाखवलं. फरक एवढाच होता.

राजकारण ओळखायच्या खुणा मात्र माहीत असू द्या. एकगठ्ठा मतदान करणारी वस्ती दोन-तीन प्रभागांत वाटून टाकली, तर तिचं वजन कुठेच राहत नाही. याच्या उलट, विरोधकांच्या सगळ्या वस्त्या एकाच प्रभागात कोंबल्या, तर तिथे ते मोठ्या फरकाने जिंकतात आणि आजूबाजूचे तीन प्रभाग हरतात. दोन विद्यमान नगरसेवकांची घरं एकाच प्रभागात आणून त्यांना आपसांत लढवणं ही जुनी रीत आहे. प्रभागाला निघालेलं शेपूट पाहा: सगळा प्रभाग गोलसर असताना एक चिंचोळी पट्टी लांबवर जाऊन एखाद्या वस्तीला कवेत घेते, तेव्हा त्या टोकाला कोण राहतं हे विचारायला हवं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी १८१२ मध्ये असाच एक वेडावाकडा मतदारसंघ मंजूर केला. तो सॅलमॅंडर या प्राण्यासारखा दिसतो म्हणून त्यांच्या नावावरून “जेरीमँडर” हा शब्द पडला. दोनशे वर्षं झाली, युक्त्या त्याच आहेत.

पण यातलं एक अक्षरही हरकतीत लिहू नका. “अमुक नेत्याच्या फायद्यासाठी” असं लिहिलंत की तुमची हरकत राजकीय ठरते, आणि ती सिद्धही करता येत नाही. हेतूवर बोलू नका, रेघेवर बोला.

आकडेमोड

यात अवघड काही नाही. पुण्याचं उदाहरण घेऊ. २०२५ च्या रचनेसाठी धरलेली लोकसंख्या ३४,८१,३५९ आणि सदस्य १६५. भागाकार केला की एका सदस्यामागे २१,०९९. चार सदस्यांच्या प्रभागाची सरासरी ८४,३९६. दहा टक्के खाली ७५,९५७ आणि दहा टक्के वर ९२,८३६. म्हणजे चार सदस्यांचा प्रभाग या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेही बसू शकतो. जवळपास सतरा हजारांची ही मोकळीक हेच तुमचं शस्त्र आहे.

समजा तुमच्या प्रभागाची लोकसंख्या ७८,३०० आहे आणि शेजारच्याची ९०,१००. तुमच्या तोडलेल्या गल्ल्या तीन प्रगणक गटांत आहेत: ७४०, ६८० आणि ७२०, एकूण २,१४०. ते तुमच्याकडे घेतले तर तुमचा प्रभाग ८०,४४० होतो आणि शेजारचा ८७,९६०. दोन्ही मर्यादेत, उलट दोन्ही सरासरीच्या अधिक जवळ. एवढं चार ओळींत मांडलं की “लोकसंख्या कुठून भरून काढू” हा प्रश्न उरत नाही. आमच्या बाबतीत शेजारचा प्रभाग खालच्या मर्यादेला टेकला होता, म्हणून आम्हाला बदल्यात दोन दुसरे गट सुचवावे लागले, जे मुख्य रस्त्याच्या पलीकडे होते आणि खरं तर त्यांचेच होते. ते शोधायला दोन रात्री गेल्या. तिथल्या लोकांना आधी जाऊन विचारलं, तेही तयार होते. हे विचारणं टाळू नका. तुम्ही ढकललेल्या लोकांनी सुनावणीत उभं राहून विरोध केला तर सगळं पाण्यात जातं.

आरक्षणाचा धागा

हा भाग सहसा कोणी समजावून सांगत नाही, म्हणून जरा थांबतो. अनुसूचित जातीच्या जागा कोणत्या प्रभागात जाणार हे चिठ्ठीने ठरत नाही. ज्या प्रभागात अनुसूचित जातीच्या लोकसंख्येचं प्रमाण सर्वाधिक तिथून सुरुवात करून उतरत्या क्रमाने जागा दिल्या जातात. पुण्यात अशा २२ जागा होत्या आणि प्रभाग ४१. म्हणजे यादीत बाविसावा प्रभाग आत आणि तेविसावा बाहेर.

आता सीमारेषेवरचा प्रभाग डोळ्यांसमोर आणा. लोकसंख्या ८४,००० आणि अनुसूचित जाती ८,७३६, म्हणजे १०.४ टक्के. त्यातली सातशे लोकांची एक वस्ती शेजारी सरकवली की प्रमाण ९.६ वर येतं आणि प्रभाग यादीतून खाली घसरू शकतो. एक प्रगणक गट हलला आणि जागा खुली झाली. म्हणून वस्ती फोडू नये हा निकष नुसता सोयीचा नाही, त्या माणसांच्या प्रतिनिधित्वाचा आहे. प्रारूपातल्या सगळ्या प्रभागांचं हे प्रमाण काढा, उतरत्या क्रमाने लावा आणि कडेच्या तीन-चार प्रभागांच्या सीमा बारकाईने बघा. वस्ती फुटलेली दिसली तर हरकतीत प्रमाणाचा हिशेबही द्या.

महिलांसाठी निम्म्या जागा असतात. महिला आणि ओबीसींच्या जागांसाठी सोडत निघते आणि त्यावर हरकतींची मुदत वेगळी असते. प्रभाग रचनेच्या हरकतीत आरक्षणाची तक्रार मिसळू नका, ती बाजूला काढून ठेवली जाते.

हरकत लिहिताना

एका हरकतीत एकच मागणी. पहिल्या पानावर मजकूर, दुसऱ्यावर आकड्यांचा तक्ता, तिसऱ्यावर नकाशा, चौथ्यावर फोटो. नकाशावर प्रस्तावित रेघ लाल शाईने आणि तुमची सुचवलेली हिरव्या शाईने. आमचा मजकूर साधारण असा होता, तुमच्या गरजेप्रमाणे बदलून घ्या:

“प्रति, मा. आयुक्त. विषय: प्रारूप प्रभाग क्र. — व — यांच्या सामाईक सीमेबाबत हरकत व सूचना. महोदय, प्रारूपात प्रगणक गट क्र. —, —, — हे प्रभाग — मध्ये दर्शविले आहेत. (१) हे गट नाल्याच्या पूर्वेस असून प्रभागाचा उर्वरित भाग नाल्याच्या पश्चिमेस आहे. नैसर्गिक सीमेचा निकष पाळला गेलेला नाही. (२) या वस्तीची शाळा व दवाखाना शेजारच्या प्रभागात आहे. (३) सूचना: वरील गट प्रभाग — मध्ये समाविष्ट करावेत व गट क्र. —, — प्रभाग — मध्ये घ्यावेत. बदलानंतर दोन्ही प्रभागांची लोकसंख्या अनुक्रमे — व — होते, जी विहित मर्यादेत आहे. तक्ता, नकाशा व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. सुनावणीस उपस्थित राहून म्हणणे मांडण्याची संधी मिळावी.”

बस, एवढंच. “अन्याय”, “षड्‌यंत्र”, “आंदोलन छेडू” हे शब्द नकोत. तीनशे सह्यांपेक्षा तीन गट क्रमांक जास्त कामाचे. तरी वीस-पंचवीस रहिवाशांच्या सह्या नाव-पत्त्यासह जोडा, म्हणजे मागणी एकट्याची नाही हे दिसतं. छापील एकसारख्या हरकतींचा गठ्ठा देण्याचा मोह होतो, कारण पक्षाचे कार्यकर्ते तेच करतात. एकसारख्या शंभर हरकतींवर एकच निर्णय होतो, म्हणून ती मेहनत एका चांगल्या हरकतीवर करा.

अर्ज आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, क्रमांक व तारीख घ्या. ई-मेलने देता येत असेल तरी कागदी पोच घ्याच. शेवटच्या दिवशी जाऊ नका. मुदत संपल्यावर आलेली हरकत कितीही खरी असली तरी वाचली जात नाही.

सुनावणीच्या दिवशी

सुनावणी सरकारने नेमलेला प्राधिकृत अधिकारी घेतो, आणि शेकडो अर्ज दोन-तीन दिवसांत उरकायचे असतात. सभागृहात पुढे पडद्यावर नकाशा, बाजूला संगणक चालवणारे कर्मचारी, आणि प्रभाग क्रमांकाने नावं पुकारली जातात. बोलायला मिनिट-दोन मिनिटं. नगरसेवक होऊ इच्छिणारे पांढऱ्या कपड्यांत मागे बसलेले असतात, त्यांचा गोंधळ चालू असतो. त्याकडे लक्ष देऊ नका.

आमच्या वेळी बोलायचं काम आम्ही वस्तीतल्या अंगणवाडी सेविका ताईंना दिलं होतं, कारण दोन्ही बाजूंची घरं त्यांना दारानिशी माहीत. त्यांनी सांगितलं: “साहेब, हे तीन गट नाल्याच्या या बाजूला आहेत. या बदल्यात हे दोन गट द्या. दोन्ही प्रभाग मर्यादेत राहतात, हिशेब पान दोनवर आहे.” अधिकाऱ्यांनी पान उलटलं, संगणकावरच्या मुलाला गट क्रमांक वाचून दाखवले. त्याने पडद्यावर ते उजळून दाखवले. नाला निळा, गट पिवळे. सगळ्या सभागृहाला दिसलं की पिवळा रंग निळ्याच्या चुकीच्या बाजूला आहे. साहेब म्हणाले, “ठीक आहे, नोंद घेतली.” चाळीस सेकंदं लागली असतील.

नोंद घेतली म्हणजे मान्य झालं असं नाही. निर्णय अंतिम रचनेतच कळतो. अधिकारी शिफारशींसह अहवाल देतात आणि आयोगाच्या मान्यतेनंतर अंतिम रचना प्रसिद्ध होते. त्यानंतर वाट फार अरुंद आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-झेडजी प्रमाणे प्रभागांच्या सीमा आखण्याबाबतच्या कायद्याची वैधता न्यायालयात तपासता येत नाही, ग्रामपंचायत व जिल्हा परिषदांसाठी अनुच्छेद २४३-ओ तेच सांगतो. उच्च न्यायालयात लोक जातात, पण निवडणुकीचा कार्यक्रम सुरू झाला की न्यायालय सहसा हात घालत नाही. म्हणून हरकतीचे ते थोडे दिवस हीच खरी वेळ.

गावाकडे असाल तर

पद्धत तीच, माणसं वेगळी. जिल्हा परिषदेच्या गटाचे पंचायत समितीसाठी दोन गण होतात. मसुदा जिल्हाधिकारी प्रसिद्ध करतात आणि हरकतींवर विभागीय आयुक्त निर्णय देतात. गट आखताना गाव सहसा फुटत नाही, पण गावांची जोडणी विचित्र होते. घाटापलीकडचं गाव इकडच्या गटात येतं आणि तिथल्या माणसाला दोन एस.टी. बदलून सदस्याच्या गावी जावं लागतं. हरकतीत अंतर, रस्ता आणि बाजाराचं गाव यांवर भर द्या.

ग्रामपंचायतीत सदस्य लोकसंख्येप्रमाणे ७ ते १७ असतात आणि प्रभाग आखणी तहसीलदारांच्या देखरेखीखाली होते. तिथे एकेका घराचा हिशेब असतो, कारण वीस-पंचवीस मतांवर जागा फिरते. वाडी किंवा पाडा दोन प्रभागांत वाटला गेला आहे का, एवढं एक पाहिलंत तरी पुष्कळ.

अंतिम रचनेनंतर मतदार यादी

सीमा मनासारखी झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. महापालिकेची वेगळी मतदार यादी नसते. विधानसभेची यादी ठरावीक तारखेची घेतात आणि ती प्रभागनिहाय फोडतात. २०२५-२६ च्या निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. ही फोडणी कार्यालयात बसून, यादी भागाच्या पत्त्यांवरून होते, आणि इथे अख्ख्या इमारती शेजारच्या प्रभागात जातात. आमच्या त्या दोन गल्ल्या नकाशात परत आल्या, पण प्रारूप यादीत त्यांतली एकशे दहा नावं नाल्यापलीकडेच राहिली होती.

प्रारूप यादी आली की कडेच्या गल्ल्यांपासून तपासायला सुरुवात करा, मध्यभागी चूक क्वचित असते. यादीची प्रत घेऊन दोघे जण घरोघर जा, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने खूण करायची. चुकलेल्या नावांचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून एकत्र हरकत द्या. या हरकतीने नाव नव्याने नोंदवता येत नाही, ते काम विधानसभेच्या यादीत आधीच करावं लागतं. इथे फक्त चुकीच्या प्रभागात पडलेलं नाव योग्य जागी आणता येतं. आमची एकशे दहापैकी एकशे चार नावं परत आली. उरलेल्या सहा जणांनी पुलावरून जाऊन पलीकडच्या केंद्रावर मतदान केलं.

सगळे कागद एका बॉक्स फाइलमध्ये ठेवा: माहिती अधिकाराचं उत्तर, प्रगणक गटांची यादी, पोच असलेली हरकत, सुनावणीची नोटीस, अंतिम रचनेची प्रत. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तिचे आकडे आले की प्रगणक गट नव्याने आखलेले असतील, जुने क्रमांक चालणार नाहीत आणि शहराच्या कडेचे प्रभाग पार बदलतील. तेव्हा नव्या गटांची यादी मागणारा अर्ज सगळ्यात आधी टाका. आमची फाइल ताईंच्या घरी, अंगणवाडीच्या कपाटात आहे.